सहायक तंत्रविद्या (संगणक व भ्रमणध्वनी)

दृष्टी, श्रवण, वाचा, हालचाल किंवा आकलन यांत न्यून असलेल्या व्यक्तींना संगणक व भ्रमणध्वनी स्वतंत्रपणे वापरता यावेत यासाठी योजलेली उपकरणे, आज्ञावली व कार्यपद्धती यांना समुच्चयाने सहायक तंत्रविद्या म्हणतात. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली, ब्रेल अक्षरे उमटविणारी पट्टी, एकाच कळीने चालणारा कळफलक, बोलण्याचे लगेच लिखित रूपांतर करणारी सोय इ. तिची ठळक उदाहरणे होत. व्यापक अर्थाने पांढरी काठी, श्रवणयंत्र व चाकांची खुर्ची यांचाही सहायक साधनांत समावेश होतो. तथापि प्रस्तुत नोंदीत संगणक व भ्रमणध्वनी यांच्याशी संबंधित साधनांचाच विचार केला आहे.

या विषयात दोन कल्पना वेगळ्या ओळखणे आवश्यक असते. सहायक साधन हे वापरणाऱ्याजवळ असते, तर सुगम्यता हा मूळ वस्तूचा गुण असतो. एखाद्या बँकेच्या आज्ञावलीतील बटणांना नावेच दिलेली नसतील, तर उत्तमातील उत्तम साधनही ‘बटण, बटण, बटण’ एवढेच बोलू शकते. म्हणून साधन व सुगम्यता ही दोन्ही एकत्र असल्याशिवाय इष्ट परिणाम साधत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सु. २ कोटी ६८ लाख व्यक्ती अपंग (शासकीय परिभाषेत ‘दिव्यांग’) होत्या. वार्धक्यामुळे दृष्टी वा श्रवण मंदावलेल्या किंवा अपघातानंतर काही काळ हात वापरता न येणाऱ्या व्यक्तींनाही याच साधनांचा उपयोग होतो.

ऐतिहासिक आढावा : लेखनयंत्राच्या इतिहासाच्या आरंभी अंधांच्या गरजेचा उल्लेख येतो. पेल्लेग्रीनो तुर्री या इटालियन गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी एका अंध स्त्रीला पत्रे लिहिता यावीत म्हणून लेखनयंत्र तयार केले होते. त्या यंत्रावर लिहिलेली १८०८ पासूनची पत्रे उपलब्ध आहेत. दूरध्वनीचा जनक ॲलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा बधिरांचा शिक्षक होता; परंतु त्याचे यंत्र केवळ ध्वनीवर चालणारे असल्याने बधिर व्यक्ती त्यापासून दीर्घकाळ वंचित राहिल्या. १९७१ मध्ये अमेरिकेत ऑप्टाकॉन हे उपकरण विक्रीस आले. छापील अक्षरावरून लहानसा कॅमेरा फिरविला असता त्या अक्षराची आकृती बोटाखालील कंपणाऱ्या टाचण्यांवर उमटत असे. १९७६ मध्ये रे कुर्झवाइल यांनी छापील मजकूर ओळखून मोठ्याने वाचणारे यंत्र सादर केले.

वैयक्तिक संगणक प्रचारात आल्यावर पडदावाचक अथवा स्क्रीन रीडर या आज्ञावल्या पुढे आल्या. प्रारंभीच्या संगणकांच्या पडद्यावर केवळ अक्षरे असत व ती स्मृतिकोशातून जशीच्या तशी उचलता येत. चित्रमय खिडक्या व चिन्हे असलेली पद्धती रूढ होताच पडद्यावर अक्षराऐवजी अक्षराचे चित्र उमटू लागले आणि अंधांना मिळालेला मार्ग काही काळ बंद होतो की काय, अशी स्थिती निर्माण झाली. अमेरिकेतील ‘जॉज’ या आज्ञावलीची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये निघाली व १९९५ मध्ये ती विंडोज प्रणालीसाठी उपलब्ध झाली. मात्र तिची किंमत भारतातील बहुसंख्य अंध विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरची होती. २००६ मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियन अंध युवकाने ‘एनव्हीडीए’ या विनामूल्य पडदावाचकाचे काम हाती घेतले. त्यामुळे संगणक परवडतो पण त्याचा आवाज परवडत नाही, ही विसंगती पुष्कळ अंशी दूर झाली. २००९ मध्ये आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ व अँड्रॉइड प्रणालीत ‘टॉकबॅक’ हे पडदावाचक अंतर्भूत करण्यात आले. स्पर्शपटलाला उंचसखलपणा नसल्याने ते अंधांना निरुपयोगी ठरेल ही भीती यामुळे खोटी ठरली.

पडदावाचकाचे कार्य : संगणकाची मूळ प्रणाली पडद्यावरील प्रत्येक घटकाची माहिती एका वृक्षसदृश रचनेत ठेवते. घटकाचे नाव, त्याचा प्रकार (बटण, दुवा, लेखनचौकट इ.) व त्याची अवस्था (निवडलेले, बंद इ.) ही ती माहिती होय. पडदावाचक ही माहिती वाचून वाक्संश्लेषकाकडे पाठवितो व संश्लेषक तिचे आवाजात रूपांतर करतो. संगणकावर वापरणारी व्यक्ती माउसऐवजी कळफलकाने घटकामागून घटक पुढे सरकते. भ्रमणध्वनीवर बोट फिरवीत गेल्यास बोटाखालच्या घटकाचे नाव ऐकू येते व पटलावर दोनदा टिचकी मारली म्हणजे तो घटक कार्यान्वित होतो. सराव झालेल्या व्यक्ती सामान्य बोलण्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने ऐकतात. त्यामुळे मानवी आवाजाशी साम्य असलेल्या आवाजापेक्षा यांत्रिक परंतु अतिवेगातही स्पष्ट राहणारा आवाज पुष्कळांना अधिक सोयीचा वाटतो. चित्राला पर्यायी वर्णन दिलेले नसेल, तर पडदावाचकाला त्याविषयी पूर्वी काही सांगता येत नसे.

अल्पदृष्टी असलेल्यांसाठी पडद्याचा भाग मोठा करून दाखविणारे विवर्धक, काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी वा पांढरी अक्षरे दाखविण्याची सोय व मोठा ठसा यांचा उपयोग होतो. देवनागरीत जोडाक्षरे, रफार आणि वरखाली येणाऱ्या मात्रा यांमुळे एकाच ओळीत बारीक तपशील दाटतो. म्हणून रोमन लिपीस पुरेसे होणारे विवर्धन मराठीस कित्येकदा अपुरे पडते.

मराठीचे विशेष प्रश्न : मुंबई हे देवनागरी मुद्रणाचे जुने केंद्र आहे. एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना डौल प्राप्त करून दिला व पुढे गिरगाव परिसरातील मुद्रणालये आणि प्रकाशनसंस्था यांमधून मराठी ग्रंथांचा मोठा भाग बाहेर पडला. विसाव्या शतकाच्या अखेरीस खिळ्यांची जागा संगणकीय अक्षरजुळणीने घेतली. या जुळणीत वापरलेल्या बहुतेक टंकांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेल्या होत्या. कागदावर उमटणारे पान निर्दोष असे. पण संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नसून रोमन अक्षरे व चिन्हे यांची अर्थहीन मालिका असे. पडदावाचक ती मालिकाच वाचतो. परिणामी संगणकावर जुळविलेली आणि म्हणून सहज बोलकी होऊ शकली असती अशी पुस्तके अंध वाचकास मुकीच राहिली.

भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून ‘इस्की’ ही संकेतप्रणाली स्वीकारण्यात आली व त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘युनिकोड’ या जागतिक प्रणालीतही देवनागरीला स्थान मिळाले. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेतांक असल्याने मजकूर कोणत्याही टंकात दिसो, पडदावाचकास तो सारखाच वाचता येतो. तथापि जुन्या टंकांत साठविलेला मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी प्रत्येक टंकाकरिता वेगळे परिवर्तक लागतात व रूपांतरानंतर मुद्रितशोधनही करावे लागते. छपाईसाठी केलेल्या पीडीएफ धारिकेतून मजकूर काढताना ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येणे, रफार जागा सोडणे असे दोष उद्‌भवतात. डोळ्यांना न जाणवणारे हे दोष कानांना मात्र तत्काळ खटकतात.

केवळ कागदावर असलेल्या पुस्तकांसाठी प्रकाशीय अक्षरओळख हा मार्ग आहे. यात पानाचे छायाचित्र घेऊन त्यातील अक्षरे संगणकाकरवी ओळखली जातात. रोमन अक्षरे सुटी असतात. देवनागरीत शिरोरेषा शब्दातील अक्षरे जोडते. त्यामुळे प्रारंभीच्या अनेक पद्धतींत आधी शिरोरेषा पुसून अक्षरे वेगळी करावी लागत. यंत्राला मोठ्या प्रमाणावर नमुने देऊन शिकविण्याची पद्धती आल्यापासून या कामात पुष्कळ सुधारणा झाली आहे. परंतु जुने झिजलेले ठसे, पुसट शाई आणि दुसऱ्या बाजूची छपाई दिसणारा कागद यांमुळे चुका होतातच.

वाक्संश्लेषणातही मराठीच्या स्वतःच्या अडचणी आहेत. ‘च’ व ‘ज’ यांचे दंततालव्य व तालव्य असे दोन उच्चार असून ते लेखनात दाखविले जात नाहीत. ‘चार’ आणि ‘चारा’ या शब्दांतील ‘च’ भिन्न आहे. ‘जरा’ हा शब्द ‘थोडे’ या अर्थी एका प्रकारे व ‘वार्धक्य’ या अर्थी दुसऱ्या प्रकारे उच्चारला जातो. ‘करमणूक’ या शब्दातील ‘र’ लिहिताना पूर्ण, पण बोलताना अर्धा असतो. शिवाय शंभरपर्यंतच्या बहुतेक संख्यांना स्वतंत्र रूपे असल्याने ४९ चे ‘एकोणपन्नास’ करण्यासाठी संश्लेषकाला संपूर्ण कोष्टक पुरवावे लागते. हिंदीसाठी केलेला आवाज मराठीस लावल्यास हे सर्व दोष एकत्र ऐकू येतात.

ब्रेल आणि संगणक : फुग्याप्रमाणे उठावदार टिंबांच्या ब्रेल लिपीची भारतीय भाषांसाठी पूर्वी अनेक वेगवेगळी रूपे प्रचलित होती. त्यांच्या जागी १९५१ मध्ये ‘भारती ब्रेल’ ही समान पद्धती निश्चित झाली [→ ब्रेल लिपी]. संगणकास जोडण्याच्या ब्रेल पट्टीत ओळीने बसविलेले कोष्ठ असतात. प्रत्येक कोष्ठात सहा किंवा आठ बारीक टाचण्या असून विद्युत् दाब दिला असता वाकणाऱ्या दाबविद्युत् पदार्थाच्या पट्टिका त्यांना वर उचलतात. एक ओळ वाचून झाली म्हणजे कळ दाबून पुढील ओळ उमटविता येते. शुद्धलेखन, गणित व संगीत यांच्या अभ्यासात ऐकण्यापेक्षा स्पर्शाने वाचणे अधिक उपयुक्त ठरते, कारण ऐकणाऱ्यास शब्द कळला तरी ऱ्हस्व-दीर्घ कळेलच असे नाही. प्रत्येक कोष्ठाची यंत्रणा स्वतंत्र असल्यामुळे या पट्ट्या महाग असतात. बधिरांध व्यक्तींना आवाज व चित्र ही दोन्ही साधने बंद असल्याने संगणक व भ्रमणध्वनी यांचा त्यांच्याशी होणारा व्यवहार मुख्यत्वे ब्रेल पट्टीवर अवलंबून असतो. बधिरांधांच्या शिक्षणासाठी भारतातील पहिली संस्था १९७७ मध्ये हेलन केलर यांच्या नावाने मुंबईत स्थापन झाली.

श्रवणदोष असलेल्यांसाठी साधने : लघुसंदेशाच्या सोयीमुळे भ्रमणध्वनी बधिरांच्या प्रथमच खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागला. घंटेऐवजी कंप व प्रकाश, चित्रफितीखालील मजकूर आणि श्रवणयंत्राकडे बिनतारी मार्गाने थेट ध्वनी पाठविण्याची सोय ही यापुढील साधने होत. दृक्‌श्राव्य संभाषणामुळे हातवाऱ्यांच्या भाषेत दूरवरच्या व्यक्तीशी बोलता येऊ लागले. गूगलची मराठी ध्वनिलेखनाची सोय २०१७ मध्ये सुरू झाली. मात्र बधिर व्यक्तींपैकी अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा ही असल्याने लिखित मराठी त्यांना दुसऱ्या भाषेसारखी असते. केवळ मजकूर दाखविला म्हणजे त्यांची सोय झाली, असे समजणे म्हणूनच चुकीचे ठरते.

हालचालींच्या मर्यादांसाठी साधने : हात कापत असल्यास कळींवर भोके असलेले झाकण बसवितात, त्यामुळे बोट शेजारच्या कळीवर जात नाही. दोन कळी एकदम दाबता येत नसतील, तर त्या एकामागून एक दाबण्याची सोय करता येते. मराठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे असून ‘ख’, ‘घ’ यांसारखी महाप्राण व्यंजने शिफ्ट कळीसह उमटतात. दोन्ही हातांनी लिहिणाऱ्यास ही रचना शास्त्रशुद्ध वाटते. एकाच हाताने लिहिणाऱ्यास ती कष्टाची होते व कळ दाबून ठेवल्यासारखी मानण्याची सोय त्याला अपरिहार्य ठरते. केवळ एखादा स्नायू हलविता येत असेल, तर पडद्यावरील पर्याय क्रमाने उजळत जातात आणि योग्य पर्याय उजळताच एकच कळ दाबून, फुंकर मारून किंवा मान हलवून तो निवडता येतो. डोळ्यांच्या बुबुळांचा मागोवा घेऊन लिहिण्याची यंत्रणाही उपलब्ध आहे.

वाचा व आकलन यांसाठी साधने : मस्तिष्क-पक्षाघात, स्वमग्नता इ. अवस्थांत बोलणे शक्य नसल्यास चित्रांवर बोट ठेवून वाक्य तयार करण्याची व यंत्राने ते उच्चारण्याची पद्धती वापरतात. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत विकसित झालेली ‘जेलो’ ही या प्रकारची आज्ञावली भारतीय भाषांत चालते. अशा साधनांतील चित्रे व शब्द मुलाच्या घरातील असणे महत्त्वाचे असते. ‘आजी’, ‘वरणभात’, ‘लोकल गाडी’ यांऐवजी परदेशी चित्रे असल्यास मूल साधन लवकर बाजूला टाकते.

मुंबईतील कार्य : या क्षेत्राची पूर्वपीठिका दक्षिण व मध्य मुंबईत विशेषत्वाने आढळते. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी १९०० मध्ये सुरू केलेली अंधशाळा पुढे दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. ताडदेव येथील व्हिक्टोरिया स्मारक अंधशाळा १९०२ मध्ये स्थापन झाली. १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंध संघाने (नॅब) ब्रेल पुस्तके आणि ध्वनिफितींवरील बोलकी पुस्तके पुरविण्याचे मोठे कार्य केले. त्या पुस्तकांचे वाचन स्वयंसेवक करीत. एक पुस्तक तयार होण्यास अनेक दिवस लागत व हवे ते पान चटकन शोधता येत नसे. संगणकीय मजकुराने या दोन्ही अडचणी दूर केल्या.

परळच्या राजे एडवर्ड स्मारक (के.ई.एम.) रुग्णालयात १९५० मध्ये कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे भारतातील पहिले विद्यालय सुरू केले. रुग्णाच्या उरलेल्या शक्तीचा दैनंदिन कामासाठी उपयोग करून घेणे हे या शास्त्राचे सूत्र असून हात, कळफलक व बैठक यांचा मेळ घालण्याचे काम आज व्यवसायोपचारतज्ञ करतात. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून कार्य करीत आहे. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये कुलाबा येथे मस्तिष्क-पक्षाघात झालेल्या मुलांसाठी शाळा सुरू केली. २००३ मध्ये धोबी तलावाजवळील सेंट झेव्हियर महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठी साधनकेंद्र स्थापन झाले. विद्यार्थ्यांना पडदावाचकाचे शिक्षण देणे, पुस्तकांचे सुगम्य रूपांतर करणे व त्याबरोबरच बँका आणि शासन यांच्याकडे धोरणविषयक पाठपुरावा करणे हे त्याचे वैशिष्ट्य होय.

पैशाचे व्यवहार : रिझर्व्ह बँक व अनेक बँकांची मुख्यालये मुंबईत असल्याने या प्रश्नाचा आर्थिक भाग येथेच विशेष चर्चिला गेला. अंध ग्राहकास धनादेश-पुस्तक, एटीएम पत्र किंवा तिजोरीचा कप्पा नाकारू नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये दिला. २००९ मध्ये नव्या एटीएम यंत्रांपैकी किमान एक तृतीयांश यंत्रे बोलणारी व ब्रेल कळफलक असलेली असावीत, असे सांगण्यात आले. १ जुलै २०१४ पासून बसविण्यात येणाऱ्या सर्व नव्या यंत्रांना ही अट लागू झाली. युनियन बँकेने भारतातील पहिले बोलणारे एटीएम २०१२ मध्ये अहमदाबाद येथे सुरू केले. त्याच्या रचनेत झेव्हियर महाविद्यालयातील केंद्राचे मार्गदर्शन होते. अशा यंत्रात कर्णयंत्र जोडताच सूचना ऐकू येतात व पडदा काळा करता येतो. गुप्त क्रमांक दुसऱ्यास सांगावा न लागणे हा येथील खरा लाभ होय.

२०१६ नंतरच्या नोटांचा आकार लहान झाल्याने व त्यांच्यातील फरक थोडा असल्याने स्पर्शाने नोट ओळखणे कठीण झाले. राष्ट्रीय अंध संघाने याविषयी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘मणी’ ही आज्ञावली उपलब्ध केली. भ्रमणध्वनीचा कॅमेरा नोटेसमोर धरला असता ती नोटेचे मूल्य आवाज व कंप यांद्वारे सांगते. ज्याच्याजवळ असा भ्रमणध्वनी नाही, त्याचा प्रश्न मात्र यामुळे सुटत नाही.

कायदेशीर तरतुदी : पुस्तकाचे सुगम्य रूपांतर ही प्रत काढण्याचीच क्रिया असल्याने ती पूर्वी स्वामित्वहक्काच्या कक्षेत येत असे. २०१२ च्या दुरुस्तीने अपंगांसाठी अशी प्रत काढण्यास भारतात मोकळीक मिळाली. २०१३ मध्ये मराकेश येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारास मान्यता देणारे भारत हे पहिले राष्ट्र होय (२०१४). २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकीय ग्रंथालय सुरू झाले. १९९५ च्या कायद्याची जागा घेणारा अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत होऊन एप्रिल २०१७ मध्ये अंमलात आला. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे मानली असून माहिती व संचार साधनांच्या सुगम्यतेची तरतूद आहे. संकेतस्थळांसाठी १९९९ पासून जागतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध होत असून भारत शासनाने आपल्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये तशी तत्त्वे जाहीर केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपाची न ठेवता बंधनकारक करावीत, असा निर्णय दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने संगणकीय सेवांपर्यंत पोहोचणे हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. ओळख पटविताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याची अट अंध व आम्लहल्ल्यात चेहरा होरपळलेल्या व्यक्तींना पाळता येत नाही, हा त्या खटल्यातील एक मुख्य मुद्दा होता.

मर्यादा : साधने स्वस्त झाली, तरी त्यांच्या वापराचे शिक्षण सर्वत्र उपलब्ध नाही. ज्या चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखून आपण यंत्र नसल्याचे सिद्ध करावे लागते, ते चित्र अंधास यंत्राच्याच पंक्तीत बसविते. ठराविक क्षणांत बाद होणारा संकेतांक सावकाश लिहिणाऱ्यास बाहेर ठेवतो. कळी नसलेल्या स्पर्शपटलाच्या देयकयंत्रावर गुप्त क्रमांक दुकानदारास सांगण्याची वेळ येते. आज्ञावलीच्या नव्या आवृत्तीत बटणांची नावे गळाली, तर काल जमणारे काम आज अडते. सेवा खिडकीवरून भ्रमणध्वनीवर जसजशा सरकत आहेत, तसतशी सुगम्यतेअभावी होणारी हानीही वाढत आहे. कारण पूर्वी मदत करणारा कारकून खिडकीमागे असे, आता तेथे केवळ पडदा असतो. मराठी मजकूर युनिकोडमध्ये असणे, चित्रांना वर्णन व बटणांना नाव देणे, चित्रफितीस मजकूर जोडणे या गोष्टी आरंभीच केल्यास फार खर्चाच्या नसतात. रचना पूर्ण झाल्यावर त्या जोडणे मात्र कष्टाचे व महाग ठरते. म्हणून सुगम्यता ही नंतर करावयाची सवलत नसून मूळ रचनेचाच भाग मानली जावी, हे या विषयाचे आज सर्वमान्य झालेले तत्त्व होय.